पोटावर सरपटत सहा दिवस

गुरुवार

कुडाळच्या आमच्या घरात माजघराच्या खुंटीला आजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाचा परवाना. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर सावकाश परत यायची, माहेरपण करून आल्यासारखी. भात पोटरीवर आलं की आजोबा रात्री खोपीत राखणीला जात. डुकरं यायची. आम्हा मुलींना त्या बंदुकीला हात लावायची सोय नव्हती. तिच्यावरची धूळसुद्धा काकाच झटकायचा.

हे सगळं आज एडिनबराहून सुटलेल्या गाडीत आठवत होतं, कारण वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी स्कॉटलंडच्या डोंगरांत रायफल चालवायला, हरणाची शिकार करायला शिकायला निघाले होते. दिवाळी होऊन आठवडा झालेला, पिशवीत उरलेल्या चकल्या आणि चिवडा. नवरा शाकाहारी. त्याने स्टेशनवर सोडताना एवढंच विचारलं, "फ्रीजरमध्ये जागा किती लागेल?"

गाडी फोर्थचा लाल पूल ओलांडून पर्थ, पिटलॉक्रीमार्गे वर चढते. ड्रमॉक्टरच्या खिंडीत रूळ ४५२ मीटरवर पोचतात. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरची ही सर्वांत उंच जागा. आपल्या घाटांच्या मानाने काहीच नाही, पण उजाडपणा असा की खंडाळ्याचा पावसाळी घाट म्हणजे बाग वाटावी. रुळांपासून हाकेच्या अंतरावर हरणांचा कळप उभा होता. गाडीकडे ढुंकूनही बघेना. मनात म्हटलं, हे तर सोपं दिसतंय.

न्यूटनमोरला उतरले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते आणि अंधारून यायला लागलं होतं.

शुक्रवार

आधी कायद्याचं, कारण घरून सगळ्यांनी तेच विचारलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाकडे बंदूक रोखायचा प्रश्नच उरला नाही, आणि ते बरंच झालं. स्कॉटलंडात गणित उलटं आहे. इथला लांडगा तीनेकशे वर्षांपूर्वीच संपला. हरणं खाणारं कुणी उरलं नाही आणि आज साऱ्या देशात मिळून सुमारे दहा लाख हरणं असावीत असा अंदाज आहे. रानातलं हरीण कायद्याने कुणाच्याच मालकीचं नसतं, पण त्याला मारायचा हक्क जमीनमालकाकडे असतो. माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. नरांना पूर्वी बंदीचा काळ होता, तो २०२३ मध्ये उठवला.

माझ्याकडे परवाना नाही. इथे रायफलचा परवाना पोलीस देतात, आणि "हौस आहे" हे कारण त्यांना पुरत नाही. कुठे, कशासाठी वापरणार ते दाखवावं लागतं, घरात भक्कम कुलूपबंद कपाट लागतं. नवशिक्याला मात्र एक वाट आहे: खासगी जमिनीवर, परवानाधारकाच्या डोळ्यांसमोर, त्याची रायफल उसनी घेऊन चालवता येते. म्हणून मी एका एस्टेटवर, म्हणजे मोठ्या खासगी डोंगरी जमिनीवर, शिकारीचे तीन दिवस घेतले, मध्ये रविवार सोडून. मादीचा दिवस शिंगाळ्या नराच्या दिवसापेक्षा बराच स्वस्त पडतो, कारण भिंतीवर लावायला काही मिळत नाही.

आमचा स्टॉकर, म्हणजे पाहुण्यांना हरणांच्या मागावर नेणारा एस्टेटचा माणूस, साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा. शिकारी म्हटलं की जी मिशी डोळ्यांपुढे येते तसलं काही नाही. आपल्याकडचे जुने जंगल खात्यातले वनपाल असतात ना, तसा. त्याने आधी एक तास रायफल हातातच दिली नाही. बोल्ट उघडा, आत काडतूस नाही हे डोळ्यांनी बघ, मग बोटाने चाचपून बघ. नळी कुणाकडे वळता कामा नये. बोट चापावर शेवटच्या क्षणीच. हे त्याने चार वेळा सांगितलं आणि पाचव्यांदा मला सांगायला लावलं.

रायफल टू-फोर-थ्रीची, म्हणजे .२४३ इंच व्यासाच्या गोळीची. त्यातल्या त्यात धक्का कमी देणारी, म्हणून नवशिक्याच्या हाती देतात. लाल हरणासाठी इथे नळीच्या तोंडाशी किमान १७५० फूट-पाउंड ऊर्जा लागते असा नियम आहे. ही त्यात बसते. शंभर मीटरवर कागद लावला होता. ओल्या चटईवर पोटावर झोपायचं, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा, गाल टेकवायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि चाप ओढायचा नाही, दाबत जायचं. बार कधी झाला हे आपल्यालाच कळता कामा नये.

मी मनात तेजस्विनी सावंतला आठवलं. कोल्हापूरची ही मुलगी २०१० साली म्युनिकला याच झोपलेल्या प्रकारात, पन्नास मीटरवर, जगज्जेती झाली होती. हे मी स्टॉकरला सांगितलंही. तो म्हणाला, "छान. ती आज आली नाही का?"

पहिल्या तीन गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. मग त्याने युक्ती केली. माझ्या नकळत कधी खरं काडतूस भरायचा, कधी खोटं. खोट्यावर चाप दाबला तर आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी रायफलचं तोंड टचकन खाली गेलेलं सगळ्यांना दिसलं. म्हणजे बार व्हायच्या आधीच मी दचकत होते. आजोबांच्या बंदुकीच्या आवाजाने आम्ही कानात बोटं घालून न्हाणीघरात पळायचो. ते अजून अंगात शिल्लक होतं.

दहाव्या की अकराव्या गोळीला नेम नीट दिसावा म्हणून डोळा स्कोपच्या फारच जवळ नेला. बार झाला आणि काचेची कडा भुवईच्या वर येऊन बसली. जखम नखाएवढी, पण अगदी गोलाईदार. आरशात बघितलं तर कपाळावर चंद्रकोर! पैठणी तेवढी नेसायची राहिली होती.

त्याची अट एकच होती. चार इंचांच्या वर्तुळात लागोपाठ तीन गोळ्या बसल्याशिवाय डोंगरावर नेणार नाही. उजेड जायला अर्धा तास उरला असताना बसल्या.

शनिवार

आज डोंगर. या डोंगरांचं गेलिक नाव मोनालिया, म्हणजे करडे डोंगर. करडेच आहेत. खालून बघताना गोलसर, आळशी वाटतात. चालायला लागलं की कळतं, वाट नाहीच. गुडघाभर हेदरची झुडपं, मध्ये काळ्या पीटचे, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या ओल्या मातीचे चर, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. ओढे इतके की मोजायचे सोडून दिले. ग्लेन बँकर या खोऱ्याच्या बाजूला दगडी जोती दिसतात. पडक्या भिंती, मध्ये गवत. एकेकाळची गावं आहेत ती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मालकांनी कुळांना उठवून इथल्या खोऱ्यांत मेंढ्या घातल्या, आणि पुढे मेंढ्यांचं गणित बिघडल्यावर कित्येक डोंगर शिकारी पाहुण्यांसाठी हरणांना दिले. व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट बाल्मोरलला हौसेने येऊ लागल्यावर तर ती फॅशनच झाली. धरणाखाली गेलेल्या गावांची जोती उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर दिसतात, तसं वाटलं ते. फक्त इथे पाणी नाही.

स्टॉकिंग म्हणजे काय, तर हाकारा नाही, मचाण नाही, कुत्री नाहीत. जनावराच्या जवळ आपण जायचं, त्याला न कळता. त्यात नेमबाजीचा वाटा फार थोडा. खरा कारभार वाऱ्याचा. स्टॉकरच्या खिशात टाल्कम पावडरसारखी भुकटी भरलेली छोटी बाटली असते. दर दहा मिनिटांनी एक फुसकारा सोडायचा आणि भुकटी कुठे जाते ते बघायचं. हरणाला एक किलोमीटरवरूनही माणसाचा वास लागतो. वारा आपल्या तोंडावर असेल तर चाललं. पाठीवर आला की खेळ संपला. आणि डोंगरात वारा सरळ वाहत नाही, घळीत शिरून वळतो, मागे फिरतो. कोळ्यांना जशी भरती-ओहोटी, तसं या माणसाला ते वारं पाठ होतं.

दोन तास लांब वळसा घेऊन आम्ही एका कळपाच्या खालच्या अंगाला आलो. शेवटचे दीडेकशे मीटर पोटावर. ओढ्यातूनच, कारण आड व्हायला तेवढंच होतं. नोव्हेंबरातलं ओढ्याचं पाणी शर्टाच्या गळ्यातून शिरून पायातून बाहेर पडतं तेव्हा माणूस आपल्या आयुष्यातले निर्णय तपासतो. स्टॉकर ट्वीडच्या कपड्यांत होता. मी महागातलं जलरोधक जॅकेट घेऊन आले होते. ते प्रत्येक हालचालीला पापडासारखं वाजत होतं.

थांबलो. त्याने दुर्बिणीतून बघितलं, हाताने खूण केली: अजून नाही. दहा मिनिटं. मला भूक लागली होती आणि डाव्या खिशात चकली होती. मी अगदी हळू खिशाचं वेल्क्रो उघडलं.

वेल्क्रो हळू उघडता येत नाही. हळू उघडलं की जास्त वेळ वाजतं, एवढंच.

वरून भुंकल्यासारखा आवाज आला. एकच, खोल, खरखरीत. अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी ओळखत होते. आमच्या आंबोलीकडच्या रानात भेकर बिचकलं की असंच भुंकतं. कळपाची म्हातारी म्होरकी मान ताठ करून आमच्याकडे बघत होती. मग सगळ्या वळल्या आणि धारेपलीकडे गेल्या, न धावता, ऐटीत. स्टॉकर काहीच बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त माझ्या खिशाकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी चकली दिली. त्याने खाल्ली, ती मात्र आवाज न करता.

दुपारी दुसऱ्या खोऱ्यात त्याला एक मादी आणि तिचं पाडस एकटं सापडलं. हे तू करायचं नाहीस, म्हणाला, बघ फक्त. त्याने आधी पाडसाला मारलं. आई चार पावलं पळाली, थांबली, मागे वळून बघत राहिली. मग तिला. दोन बार, मध्ये फार तर सहा सेकंद.

मी चटकन काही बोलू शकले नाही. नंतर उतरताना त्यानेच सांगितलं: आई आधी पाडली आणि पिल्लू निसटलं, तर ते हिवाळ्यात पंधरा दिवस कुढत, उपाशी मरतं. ते कुणाला दिसत नाही एवढंच. त्याच्या आवाजात ना सफाई होती ना अपराधीपणा. मला रात्री झोप यायला वेळ लागला. आईला फोन केला तेव्हा मागून आजी ओरडली, "काय गो, बंदूक धरलंस म्हणे!" पाडसाचं मी काही सांगितलं नाही.

रविवार

रविवारी इथे हरणं मारायची नाहीत असा जुना रिवाज. कपडे रेडिएटरवर, अंग दुखतंय. बंगल्यात उतरलेल्या एका डच आजोबांच्या गाडीतून ग्लेन फेशीला गेलो. एडविन लँडसीअर या चित्रकाराचं इथे येणं-जाणं होतं. एडिनबराच्या गॅलरीत त्याचं १८५१ चं ते प्रसिद्ध चित्र आहे, 'मोनार्क ऑफ द ग्लेन', बारा फाट्यांच्या शिंगांचा नर आणि मागे धुकं. मी ते अनेकदा बघितलंय. बघताना कधी मनात आलं नव्हतं की त्या चित्रात एकही झाड नाही.

ग्लेन फेशीत झाडं आहेत. म्हातारे पाइन तर आहेतच, पण त्यांच्या पायाशी कमरेएवढी, खांद्याएवढी पोरं, हजारोंनी, कुंपणाशिवाय. या शतकाच्या सुरुवातीपासून इथे हरणांची संख्या जोरात कमी केली, आणि दीड-दोनशे वर्षं कोवळेपणीच खुडली जाणारी रोपं उभी राहिली. आमच्या बाजूच्या डोंगरावर मी दोन दिवसांत एकही रोप गुडघ्याच्या वर गेलेलं बघितलं नव्हतं. बघितलं ते फक्त घळीच्या कड्यावर, जिथे हरणाचं तोंड पोचत नाही तिथे, एकुलतं रोवनचं झाड.

म्हणजे आजोबांची खोप आणि हा डोंगर यात फरक पिकाचा. तिथे भात, इथे पाइन. मी शिकारीला म्हणून आले होते. ही तर राखण निघाली. तसं स्टॉकरला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पण 'राखण'ला शब्द सापडेना.

सोमवार

पहाटे सहाला पाऊस, आठला थांबला. जॅकेट खोलीवर ठेवलं आणि एस्टेटचा जुना लोकरी कोट मागून घेतला. ओला झाल्यावर तो माझ्याइतका जड झाला असावा, पण मुका होता. खिसे शिवून बंद केल्यासारखे रिकामे.

साडेदहाला त्याला दुर्बिणीत नऊ माद्या दिसल्या. तो बराच वेळ एकीकडेच बघत होता. "येल्ड," म्हणाला. यंदा पाडस नसलेली. आपली भाकड. मला हा शब्द इतका लख्ख कळला की हसूच आलं. भाकड मादी ओळखायची कशी? दूध पाजावं लागलेलं नसतं, त्यामुळे अंगाने भरलेली, केस तुकतुकीत, आणि मागे कुणी घुटमळत नाही. पहिल्यांदा नेम धरणाऱ्या बाईसाठी त्याने मुद्दाम अशीच शोधली हे उघड होतं. तो तसं बोलला नाही.

दीड तास सरपटलो. शेवटी एका पीटच्या चराच्या काठावर पोचलो, अंतर १४० मीटर. आणि ती बाई खाली बसली. रवंथ करायला.

बसलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही, छातीची जागा नीट मिळत नाही. मग थांबायचं. चाळीस मिनिटं मी रायफलमागे पालथी पडून होते. आधी बोटं गेली, मग पाय. हनुवटी थरथरायला लागली तेव्हा स्टॉकरने स्वतःचा एक मोजा काढून माझ्या उजव्या हातावर चढवला. तोही ओलाच होता. दुर्बिणीतून तिचे कान दिसत होते, सारखे फिरणारे, एक पुढे एक मागे. पापण्या मिटायची. मध्येच एक कावळ्यासारखा पक्षी तिच्या शेजारी उतरून चालत गेला. इतका वेळ कुठल्याही जनावराकडे मी आयुष्यात टक लावून बघितलं नव्हतं, गोठ्यातल्या म्हशीकडेही नाही.

ती उठली. आधी मागचे पाय, मग पुढचे. पण तिच्यामागे दुसरी उभी. गोळी आरपार जाऊ शकते. "थांब." दुसरी सरकली. आता मागे काय? नुसतं आभाळ असेल तर कधीच नाही, गोळी कित्येक किलोमीटर जाते. मागे माती हवी. मागे डोंगराचा उतार होता. "तुझ्या वेळेने," तो कुजबुजला.

पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या तळापासून एक तृतीयांश वर. श्वास अर्धा. दाबत जायचं.

बार कधी झाला ते मला कळलं नाही. ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा आवाज परत आला. ती पळाली, तीसेक पावलं, आणि पाय दुमडून आडवी झाली. "भर परत," स्टॉकर म्हणाला. मी बोल्ट ओढला, दुसरं काडतूस वर घेतलं, आणि आम्ही दहा मिनिटं तसेच पडून राहिलो, ती उठते का बघत. बाकीच्या आठ थोड्या दूर जाऊन थांबल्या होत्या. त्यांना आवाज कुठून आला तेच उमगलं नव्हतं.

आनंद झाला का? नाही. दुःख? तेही शनिवारी झालं होतं तेवढं नाही. हात एवढे थरथरत होते की रायफल त्यालाच रिकामी करावी लागली, आणि डोक्यात एकच विचार: नीट लागली, लगेच गेली. जवळ जाताना पाठीकडून जायचं, काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचा. पापणी हलली नाही.

इथे पहिल्या शिकारीला रक्ताचं बोट गालाकपाळाला लावायची रीत आहे. त्याने विचारलं. मी कपाळाकडे बोट दाखवलं, चंद्रकोर अजून ओली होती. म्हटलं, एवढं पुरे.

पोट साफ करायच्या कामाला ग्रॅलॉक म्हणतात, मूळ गेलिक शब्दाचा अर्थच आतडी. तो म्हणाला, नको असेल तर मागे वळ. पण मी कुडाळची. दहाव्या वर्षापासून मासे साफ करत आले आहे. आकार वेगळा, तत्त्व तेच: सुरीचं टोक वर, आतड्याला धक्का नको. वाफ निघाली, आणि वास पावसातल्या गोठ्याचा. चिरडलेलं गवत, दूध, ऊब. यकृत उलटसुलट करून डाग आहेत का बघितलं, गाठी चाचपल्या. काही संशय असेल तर ते मांस बाजारात जात नाही. पोट तिथेच ठेवलं. आम्ही दोनशे मीटर खाली येतो तोवर कावळ्याच्या जातीचे ते मोठे पक्षी जमलेही.

दोरी लावून खाली ओढत आणायला दीड तास लागला. आठ चाकांची गाडी पोचते तिथपर्यंत आलो तेव्हा काळोख पडला होता. लार्डरमध्ये, म्हणजे मांस टांगायच्या थंड खोलीत, डोकं-पाय काढून काट्यावर लटकवलं: ४४ किलो. खालचा जबडा वेगळा काढून ठेवला, दातांवरून वय कळतं. मग त्याने वही उघडली. तारीख, मादी, भाकड, खोरं, वजन. शेवटचा रकाना 'रायफल', म्हणजे बार कुणी टाकला. तिथे माझं आडनाव लिहिलं, अर्थात चुकीचं. वर-खाली नजर टाकली तर पानभर अशाच ओळी. कुठे शेरा नाही, उद्गारचिन्ह नाही. आजोबांची भाताच्या पायल्यांची वही अशीच दिसायची.

मंगळवार

जनावर एस्टेटचं, ते व्यापाऱ्याकडे जाणार. मी एक फरा विकत घेतला आणि यकृत त्याने तसंच दिलं. या मांसाला चरबी अगदी थोडी, त्यामुळे मोठ्या आचेवर चामडं होतं हे डच आजोबांनी मला स्टेशनपर्यंत तीनदा बजावलं.

ड्रमॉक्टरला पुन्हा कळप दिसला, रुळांशेजारी, तसाच बिनधास्त. या वेळी मी आपोआप धूर कुठल्या बाजूला जातोय ते शोधत होते, वाऱ्यासाठी. मग लक्षात आलं, गाडी डिझेलची आहे आणि मी खिडकीच्या आत आहे.

पर्थच्या पुढे रेंज आली तेव्हा बाबांना फोटो पाठवले. आजोबांची बंदूक आता त्यांच्या नावावर आहे. रायफलचा फोटो त्यांनी मोठा करून बघितला असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"काडतुसां किती लागली?"

"एक."

बराच वेळ काही नाही. मग: "आजो असतो तर गावभर सांगत फिरलो असतो." आणि त्याखाली लगेच, "वाटपात कोकम घालू नको, तिरफळ घाल."

तिरफळं एडिनबरात मिळत नाहीत. आईने मागच्या खेपेला दिलेली मूठभर असावीत कुठेतरी डब्यात.